दोन छपरांमधलं अंतर

"पडला! हाही पडला!" टीमलीड पोरीने कपाळावर हात मारला.

चाचणीच्या खोलीत दहा जुने खेळाडू बोलावले होते. सगळे चाळिशीला टेकलेले, ढेऱ्या सुटलेले, पण माउस हातात आला की पुन्हा कॉलेजात गेलेले. बावीस वर्षांपूर्वीचा हा बंदुकांचा गेम, दहा जणांनी एकत्र खेळायचा, आता नव्या इंजिनावर चढत होता. इंजिन म्हणजे गेमचं आतलं यंत्र. माणूस किती जोरात पळेल, उडी मारली की किती वेळात खाली येईल, हे सगळं तेच ठरवतं. चित्रं तर अशी झकास झाली होती की गोदामाच्या पत्र्यावरचा गंजही दिसावा. पण एका गोदामाच्या छपरावरून दुसऱ्याच्या छपरावर मारायची उडी, जिच्यासाठी लोक हा गेम अजून खेळत होते, ती काही केल्या बसेना. दहाच्या दहा जण मधल्या बोळात आपटले.

"छपरं लांब बांधलीत तुम्ही," एक टकलू खेळाडू वैतागून म्हणाला. "ही आमची छपरं नव्हेत."

"अहो, तीनदा मोजली. जुन्या नकाशाबरहुकूम आहेत," ती म्हणाली. मग शेजारच्या पोराकडे वळली. "कुणीतरी लंबू केला वाटतं."

ऑफिसात कुणाचं मोजमाप चुकलं की असंच म्हणायची पद्धत होती. कोपऱ्यात तात्या बसला होता. जुन्या टीमपैकी कंपनीत उरलेला तात्या हा एकटाच. लंबू म्हणजे कोण, हे त्या खोलीत त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

लंबू त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. सहा फूट दोन इंच उंच, आणि मोजल्याशिवाय भिंतीत खिळाही ठोकणार नाही असला काटेकोर माणूस. गेमचे नकाशे त्याचे, उडी तात्याची. गेम बाजारात जायच्या आधीच्या आठवड्यात तात्याला गेममधल्या छपरावरचं काही तपासायचं होतं. दर वेळी शिडी चढून जायचा कंटाळा आला, म्हणून त्याने माणसाला खाली ओढणारा आकडा जरा कमी केला. एक उडी मारली की थेट छपरावर. काम झालं की आकडा पूर्ववत करायचा होता. तो राहिला. राहिला म्हणजे राहिला, त्यात कट नाही की कारस्थान नाही. गेम तसाच बाजारात गेला आणि महिन्याभरात लोक छपरांवरून टणाटण उड्या मारू लागले. साहेब पिसाळले. "छपरं इतकी जवळ बांधली कोणी?" लंबूने बांधली होती. तात्याला आपला आकडा त्याच दुपारी सापडला. पण घरी मुलगी सव्वा महिन्याची होती, आणि तात्याने तोंड उघडलं नाही. लंबूची नोकरी गेली, गेमच्या शेवटी येणाऱ्या यादीतलं नावही गेलं. आणि नशिबाची थट्टा बघा, पुढे त्याच उडीने गेम गाजला. मग ती दुरुस्त करायची कुणाची छाती झाली नाही.

"जाऊ दे," टीमलीड म्हणाली. "छपरं थोडी जवळ सरकवते. पाच मिनिटांचं काम."

तात्याला वाटलं, सुटलो. कुणाला काही कळणार नाही. लंबू तर मागच्या वर्षी वारलाच. आणि मग त्याला स्वतःची अशी शिसारी आली की तो उठून उभाच राहिला.

"छपरं हलवू नकोस गं."

"का हो तात्या?"

"बरोबर आहेत ती. पहिल्यापासून बरोबर होती. खाली ओढणारा आकडा वीस घातलायस ना? सोळा घाल."

"पण जुन्या कागदावर वीस आहे."

"कागदावर वीसच आहे. मी सोळा करून ठेवला आणि बदलायला विसरलो."

तिने सोळा घातले. टकलू पळत आला, त्याने उडी मारली, आणि समोरच्या पत्र्यावर ठण्णकन उतरला. खोलीत एकच गलका झाला. टीमलीड तेवढी ओरडली नाही. ती तात्याकडे बघत राहिली.

"म्हणजे लंबू नावाचा खरंच कुणी होता?"

"होता," तात्या म्हणाला. "त्याने काहीच चुकवलं नव्हतं."

आताच्या साहेबांना त्याने त्याच दिवशी सगळं सांगितलं. यादीत नाव घालू, ते म्हणाले, पण जुनं मढं आता उकरू नका. तात्या तिथून निघाला तो सरळ लंबूच्या घरी गेला.

वहिनींनी पाणी दिलं आणि समोर बसल्या. त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं. आकडा, साहेब, आपली गप्प बसलेली जीभ, सगळं.

"मागच्या वर्षी हे गेले तेव्हा भेटायला आला होतात, भाऊजी," त्या शेवटी म्हणाल्या. "तासभर बसलात."

"हो, वहिनी."

"तेव्हाही माहीत होतं?"

"होतं."

वहिनी उठून आत गेल्या. आल्या तेव्हा हातात दोन काड्यापेट्या आणि एक फूटपट्टी होती. काड्यापेट्यांवर पेन्सिलीने छपराच्या रेघा मारलेल्या होत्या.

"नोकरी गेल्यावर वर्षभर ह्याच टेबलावर मोजत बसायचे. मी म्हणायची, आता पुरे. तर म्हणायचे, अगं, कुठे चुकलो ते एकदा कळू दे, मग सोडतो. नाही कळलं. पुढे मोजायचं कामच सोडलं त्यांनी. घरात साधी फळी ठोकायची तरी सुताराला बोलवायचे. म्हणायचे, माझ्या मापावर भरवसा नको."

तात्याने डोळे पुसले, ते वहिनींना दिसू नये म्हणून नव्हे, नुसते पुसले.

वहिनींनी दोन्ही काड्यापेट्या टेबलावर मांडल्या. फूटपट्टी लावली, एक पेटी जराशी मागे सरकवली.

"एवढंच होतं ना अंतर?"

"एवढंच."

"आणि ते बरोबर होतं."

"अगदी बरोबर होतं, वहिनी."

तात्या उठला. दाराशी जाऊन चपला घातल्या.

"येतो, वहिनी."

त्यावर त्या नेहमी 'या' म्हणत. आज म्हणाल्या नाहीत. त्या टेबलावर वाकून, फूटपट्टी नीट धरून, तेच अंतर पुन्हा एकदा मोजत होत्या.