हिरव्या पडद्यापुढचा हिरवा चुडा

शांभवी हैदराबादहून आली आणि पायातल्या चपला निघायच्या आधीच म्हणाली, "आज्जी, तुझे हात पाहिजेत."

बसाक्का परातीत चुरमुऱ्यांना तेल, लसूण नि तिखट चोळत बसली होती. भडंग करताना तिला कुणी मधे बोललेलं खपत नसे. मान वर न करता तिनं विचारलं, "कशापायी? भांडी घासायला का कुणाच्या थोबाडात द्यायला?"

"शूटिंगला."

"का? हैदराबादच्या बायकास्नी हात न्हाईत?"

शांभवी म्हणजे बसाक्काची नात, रुद्रेशची पोरगी. रुद्रेशनं याच घराच्या माडीवर 'मल्ला सॉफ्टवेअर' ही कंपनी काढली होती. आता तिचा कारभार शांभवी बघायची. सिनेमावाल्यांना लागणारा कॉम्प्युटरचा प्रोग्राम करायचा, हा धंदा. नटाला हिरव्या पडद्यापुढं उभं करायचं, मग प्रोग्राम तो हिरवा रंग तेवढा उडवून टाकतो, आणि मागं समुद्र घाला, डोंगर घाला, नाहीतर कैलास घाला. प्रोग्राम उघडला की शिकणाऱ्याला हात बसवायला एक नमुन्याचं चित्र आधी पुढं येई. हिरव्या कापडापुढं हिरव्या चुड्याचे दोन हात, हळूहळू फिरणारे.

ते हात बसाक्काचे.

कुठल्या कुठल्या देशातल्या पोरांनी त्या हातांवर शिकून सिनेमे केले. ही गोष्ट बसाक्कानं भिशीत सांगितली होती, लग्नाच्या पंगतीत सांगितली होती, दवाखान्याच्या रांगेत ताप अंगात असताना सांगितली होती. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत ती ठाऊक नसलेला माणूस म्हणजे पावणाच असायचा, आणि तोही चहा संपेपर्यंतच पावणा.

"ती जुनी क्लिप आता धुरकट दिसते गं," शांभवी परातीपाशी टेकत म्हणाली. "हैदराबादची मोठी कंपनी भागीदार झालीय ना आपली, ते म्हणतात नव्या प्रोग्रामला नवं चित्र पाहिजे. मी म्हटलं, मग आज्जीचेच हात घेऊ. तू नाही म्हणालीस तर मुंबईच्या एका मुलीचं काढून ठेवलंय त्यांनी. सोमवारी काय ते ठरेल."

"तिच्या बांगड्या काचेच्या हाईत?"

"प्लॅस्टिकच्या."

बसाक्काचा हात परातीत थांबला. मग पुन्हा चालू झाला. "घाला जावा मग प्लॅस्टिक. मी बसायची न्हाय."

"बांगड्यांमुळं म्हणतेस का? आज्जी, आता कोण मानतं ते? शिरोळकडं तर गावानं ठराव करून विधवांच्या बांगड्या..."

"कोण मानतंय आणि कोण न्हाय, ते मी तुला इचारलं व्हय? उचलली जीभ लावली टाळ्याला. चुरमुरं खा गप."

शांभवीनं मूठभर चुरमुरे उचलले. तिला वाटलं, आजोबांना जाऊन एवढी वर्षं झाली तरी आज्जीच्या मनातून ते जात नाही. बसाक्काच्या मनात मात्र बांगड्या नव्हत्याच. तिच्या मनात त्या जुन्या चित्राचा उजवीकडचा खालचा कोपरा होता.

बसाक्काचा नवरा मल्लाप्पा, म्हणजे मल्लाप्पा पेंटर. तरुणपणी त्यानं इथल्या स्टुडिओंचे पडदे रंगवले. राजवाडा, नदी, चांदणं, काय पाहिजे ते. पुढं सिनेमाची पोस्टरं रंगवायला लागला. नटीचा गाल एवढा मोठा असायचा की तो रंगवायला मल्लाप्पा त्या गालावरच मांडी ठोकून बसायचा. लग्न होऊन आल्यावर बसाक्काला पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. तिची शाळा दुसरीत सुटलेली. पण पुढं वाचायला आलं ते याच पोस्टरांवरून. हातभर उंचीची अक्षरं, आंधळ्यालाही दिसतील अशी. त्यामुळं बसाक्का आजही पेपरातलं बारीक अक्षर बघून म्हणायची, "ह्ये काय लिवणं हाय? मुंग्या सोडल्यागत."

पोस्टराच्या उजव्या कोपऱ्यात खाली मल्लाप्पा सही करायचा. नुसतं 'मल्ला', आणि खाली ब्रशचा एक फराटा. शुक्रवारी नवा सिनेमा लागला की त्या सहीवर दुसरं पोस्टर चढायचं. मल्लाप्पाला त्याचं काही वाटायचं नाही. बसाक्काला वाटायचं.

मग फ्लेक्स आले. मशीन तासाभरात भिंतीएवढं चित्र ओकायला लागलं, आणि मल्लाप्पाचे ब्रश डब्यात वाळले. रुद्रेश त्याच सुमाराला वारणानगरला कॉम्प्युटर शिकून घरी आलेला. कागलला नोकरी लागत होती, ती सोडून त्यानं माडीवर जुना कॉम्प्युटर मांडला. मल्लाप्पानं रंगाचे डबे उचलले, जिन्याखाली लावले आणि पोराला माडी झाडून दिली. बोलायचं ते सगळं बसाक्काच बोलली. महिनाभर.

पहिलं काम आलं ते देवीच्या सिनेमाचं. देवी आकाशातनं उतरते, भक्ताच्या डोक्यावर हात ठेवते. परदेशी प्रोग्राम आपल्या आवाक्यातला नव्हता. रुद्रेश म्हणाला, मी लिहितो. इचलकरंजीच्या मागावरनं कापड आणलं, मल्लाप्पानं ते परसात घंगाळात रंगवलं. कुठं गडद नको, कुठं फिकं नको, म्हणून तीनदा परत बुडवलं. त्याची बोटं पुढं कितीतरी दिवस हिरवी होती.

देवी काही तालमीला येणार नव्हती. म्हणून बसाक्काला पडद्यापुढं बसवलं.

"अव्वा, देवीगत हात फिरव की."

"देवीचं हात मी कवा बघितल्यात? साडीतच असत्यात तिचं."

"मग तुझं तू फिरव."

तेवढ्यात उजव्या बाजूचा खिळा निसटला आणि कापड घसरायला लागलं. मल्लाप्पानं पुढं होऊन कोपरा धरला. चार हिरवी, जाडजूड बोटं चित्रात आली. रुद्रेश ओरडला, "अप्पा, बोटं दिसायलीत." अप्पा म्हणाला, "असूदे की. माझी सही तिथंच असती."

मग रुद्रेशनं बटण दाबलं. कापड गेलं आणि मागं रंकाळा तलाव आला, मावळतीचा, लालभडक. बसाक्काला खरोखर छान वाटलं. आपण पाण्यावर तरंगतोय म्हणून ती जरा सावरून बसली. आणि मग तिचं लक्ष मनगटांकडं गेलं. बांगड्याच नव्हत्या. जिथं बांगडी तिथं रंकाळ्याचं पाणी दिसत होतं. विळ्यानं चिरल्यागत मनगटाच्या चकत्या झाल्या होत्या.

"रुद्र्या," बसाक्का म्हणाली, आणि तो आवाज शेजारच्या गल्लीत ऐकू गेला. "तुझा बाप धडधाकट उभा हाय तितं कोपऱ्यात, आणि तू माझा चुडा खाल्लास?"

"अव्वा, त्याला हिरवं तेवढं कळतंय. पडदा हिरवा, बांगडी हिरवी."

"मग निळा पडदा लाव."

"ह्या कॅमेऱ्याला निळं धड पेलत न्हाय. देवीलाच लाल बांगड्या घालू म्हणतोय."

"कोल्हापुरात? देवीला? लाल? जा, देवळाच्या दारात हुबा ऱ्हा आणि म्हणून दाखव."

पडदा हिरवा घ्यायचा आणि देवी हिरव्या चुड्याची, हा घोटाळा आमच्याच गावात व्हायचा. परदेशातल्या प्रोग्रामवाल्यांना हिरवा चुडाच माहीत नव्हता, मग तो वाचवायचं त्यांना कोण सांगणार? रुद्रेश त्यापायी इरेला पेटला. रोज दुपारी जेवणं झाली की बसाक्का पडद्यापुढं बसायची, मल्लाप्पा कोपरा धरायचा. नवा खिळा ठोकायला कुणाला सुचलं नाही, का सुचलं आणि कुणी मुद्दाम ठोकला नाही, ते तिघांनाच ठाऊक. मल्लाप्पा कोपऱ्यातनं तिला हसवायचा. हसली की हात हलायचे, हात हलले की रुद्रेश वैतागायचा. बसाक्काचं लग्नानंतर नवऱ्याशी एवढं बोलणं कधी झालं नव्हतं.

शेवटी एक दिवस कापड गेलं आणि चुडा राहिला. काचेवरची चमकसुद्धा राहिली. प्रोग्राममध्ये त्या बटणाचं नावच 'चुडा' पडलं. मग मद्रासहून कुणाला देवीच्या खांद्यावरचा पोपट वाचवायचा होता, केरळातनं कुणाला केळीचं पान, आणि सगळे म्हणायला लागले, ते कोल्हापूरवाल्यांचं चुडा लावा. कंपनी चालली, ती त्यावर चालली.

महापुराच्या वर्षी मल्लाप्पा गेला. बायका बांगड्या फोडायला आल्या तेव्हा बसाक्कानं त्यांना उंबऱ्यातच थांबवलं. "भरल्या मी, काढनार मी. तुमी चा घ्या." एकेक बांगडी सुळकन काढली आणि त्याच्या ब्रशाच्या डब्यात ठेवली. एक पण फुटली नाही.

मल्लाप्पाची एवढी पोस्टरं, त्यातलं एकही उरलेलं नव्हतं. उरली ती त्या नमुन्याच्या चित्रातली चार बोटं. जगभरची पोरं बांगड्या बघायची. बसाक्का कोपरा बघायची. आता नवं चित्र आलं की तो कोपरा जाणार होता, मग हात तिचे असोत नाहीतर मुंबईच्या पोरीचे.

संध्याकाळी शांभवीनं लॅपटॉप उघडून त्या मुंबईच्या मुलीचं चित्र दाखवलं. गोरे, लांबसडक हात, नखांना रंग. बसाक्कानं चष्मा वर केला, खाली केला.

"कोपरा मोकळा हाय."

"मोकळाच असतो गं आज्जी."

"आपल्यात नसतोय."

शांभवीला काही उमगेना. दारात रुद्रेश उभा होता, डोक्याचे केस पिकलेले, हातात दुधाची पिशवी. त्यानं एकवार लॅपटॉपकडं, एकवार आईकडं बघितलं. मग पिशवी ओट्यावर ठेवत म्हणाला, "अव्वा, पडदा मी धरतो."

बसाक्का उठून आत गेली आणि ब्रशाचा डबा घेऊन आली. "त्या शहाजादीला सांगावा धाड जा. म्हणावं, सकाळी पेटी घिऊन ये."

शहाजादीचं घर पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या भरणारं. बसाक्काचे हात तिला तिच्या स्वतःच्या हातांपेक्षा ठाऊक. डब्यातल्या जुन्या बांगड्या चढवल्या, तर त्या थेट कोपरापर्यंत घरंगळल्या.

"बसाक्का, हात वाळले की गं."

"वाळंना का. तुझं दुकान कुटं वलं हाय?"

"जीभ मात्र तशीच हाय हां. तिचं माप न्हाई उतरलं." शहाजादीनं पुढं नि मागं लहान मापाच्या नव्या बांगड्या घट्ट बसवल्या आणि जुन्या मधे अडकवून ठेवल्या. "भावकी काय म्हणंल?"

"म्हणूदे. त्यांची तोंडं काय मी भरून ठेवल्यात?"

माडीवर तेच कापड लावलं. मधे थोडं विटलं होतं. शांभवीनं सोबत कापड ताणायचा चकचकीत लोखंडी स्टँड आणला होता, तो तिनं आपण होऊनच पुन्हा पिशवीत घातला. रुद्रेशनं वाकून खालचा कोपरा धरला. त्याची कंबर लगेच कुरकुरली.

"अव्वा, लवकर."

"बाप कवा असं म्हणाला न्हाई तुझा."

बसाक्कानं हात फिरवले. जुन्या बांगड्या नव्यांवर किणकिणल्या. तिला वाटलं, आत्ता कोपऱ्यातनं कुणीतरी काहीतरी वंगाळ बोलणार आणि आपल्याला हसू येणार. कुणी बोललं नाही. तरी तिला हसू आलं, आणि शांभवीनं तेही टिपलं.

मग नवा प्रोग्राम लावला. आता बटण दाबायचंही काम नव्हतं. कापड गेलं, रंकाळा आला. चुडा जागच्या जागी, एकेक बांगडी मोजून घ्यावी अशी. शांभवी खूश झाली. "बघ, आज्जी. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

बसाक्का कोपरा बघत होती. कोपरा मोकळा होता.

"बोटं कुटं गेली?"

शांभवी पुढं झाली. "नवा प्रोग्राम नको ते आपोआप साफ करतो. त्याला वाटलं, चुकून आलीत."

"म्हंजे चुडा ठेवला आणि बोटं खाल्ली."

"त्याला शिकवावं लागेल. सोपं नाहीये ते. सोमवारपर्यंत..."

"तुझ्या बापाला तरी कुटं सोपं हुतं?" बसाक्कानं खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटरपाशी ठाण मांडलं. "बस. मी हितंच हाय. लागलं तर परत हात फिरवते. ह्याची कंबर मोडंस्तवर धरंल त्यो पडदा."

रुद्रेश हसला. मग तो पोरीच्या शेजारी बसला आणि दोघं त्या प्रोग्रामच्या पोटात शिरले. खाली भडंग मऊ पडत होतं. बसाक्काला ते कळत होतं, पण ती उठली नाही. दुपार कलली, चहा दोनदा झाला, रुद्रेशनं आणखी दोनदा कोपरा धरला. मग रंकाळ्याच्या लाल पाण्यावर, खाली उजवीकडं, आधी एक बोट आलं, आणि त्याच्या मागनं बाकीची.

बसाक्कानं वाकून नीट बघितली. "बारीक हाईत. बापाची जाड हुती."

"अप्पांचा हात कुठनं आणू, अव्वा?" रुद्रेश म्हणाला.

"आणू नगंस. चालत्यात ही." तिनं पदरानं चष्मा पुसला, आणि जिन्याकडं निघाली.

शांभवीनं मागनं विचारलं, "आज्जी, बांगड्या काढायला शहाजादी आजीला बोलवू?"

जिन्यावरनं काच वाजत खाली गेली. अर्ध्यात थांबली.

"एवढ्या घट्ट बसवल्यात तिनं. काढताना एखादी फुटंल. ऱ्हाऊदेत."