तिसरा नंबर चालेल

बुटांच्या कारखान्यात सगळ्यात शेवटच्या टेबलावर तो बसायचा. त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही जोड खोक्यात जात नसे. तळ वाकवून बघायचा, शिवण ओढायची, आत हात घालून खिळा टोचतोय का ते चाचपायचं, मग डावा-उजवा शेजारी ठेवून डोळे बारीक करायचे. माल ठीक असेल तर एकच शब्द, "चालेल." नसेल तर जोड टोपलीत. उभ्या आयुष्यात कुठल्या बुटाला तो "झकास" म्हणाला नाही. म्हणून कारखान्यात त्याचं नावच चालेल पडलं, आणि घरी थोरल्या भावानेही तेच उचललं.

दोघे भाऊ शाळेपासून निळ्यांचे. निळे म्हणजे त्यांच्या शहराची फुटबॉलची टीम. कधी तिसरी, कधी चौथी, फारच घसरली तर पाचवी. कप मात्र कधीच नाही. दादा पहिल्या मॅचला छाती ठोकून सांगायचा, "यंदा कप आपलाच!" आणि शेवटच्या मॅचनंतर सगळ्या टीमचा उद्धार करायचा. चालेलचं मागणं लहान होतं. पहिल्या चारात राहा, शेजारच्या शहराच्या लाल जर्सीवाल्यांना एकदा तरी घरच्या मैदानावर हरवा, आणि एखादा गोल असा मारा की जेवताना आठवून हसू यावं. एवढं झालं की त्याचं वर्ष वसूल.

लोक त्याला मेंगळट म्हणायचे. म्हणेनात का. सोफ्यावर लोळत, पोट खाजवत कप मागायला काय लागतं? वर्षानुवर्षं खाली न पडता वर टिकायला काय लागतं, ते मात्र एकाही शहाण्याला विचारावंसं वाटत नाही.

दादा ट्रक चालवायचा. एका थंडीत त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी काही लपवलं नाही. "काठी घेऊन घरात, गल्लीत फिराल. डावा पाय थोडा ओढेल. ट्रक विसरा. पण उभं राहायला आत्ताच लागा. असेच पडून राहिलात तर एवढंही हाती लागणार नाही."

दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं. "पाय घासत फिरू लोकांसमोर? त्यापेक्षा पडलेला बरा."

तेव्हापासून बाई दारात दिसल्या की हा झोपेचं सोंग घ्यायचा. काठी पलंगाला टेकून नुसती उभी. त्याला उचलून उचलून वहिनींच्या कमरेचा काटा ढिला झाला होता.

शेवटच्या मॅचला चालेल बगलेत खोकं घेऊन आला आणि खोकं न उघडता पलंगाच्या कडेला बसला. निळे जिंकले असते तर कप होता. बरोबरीत सुटले. तिसरे.

"तिसरे!" दादाने चांगल्या हाताने उशी फेकली. "शेळपट लेकाचे! पुन्हा तिसरे!"

"चांगले खेळले," चालेल म्हणाला.

"तुझं काय, तुला सगळंच चालतं!"

"हो, चालतं. आणि तुला काय चालतं रे, दादा? कप नाही तर मैदानच नको? ते गडी उद्या तुझ्यासारखे भिंतीकडे तोंड करून पडले, तर पुढच्या वर्षी कोणाला शिव्या घालशील?"

वहिनी स्वयंपाकघरातून दारात आल्या. "भावजी, नका ना."

"बोलू दे त्याला," दादा पुटपुटला. "काय आहे त्या खोक्यात?"

चालेलने बूट काढून त्याच्या मांडीवर ठेवले. दादाने उलटेपालटे करून पाहिले. डाव्याचं टोक वर उचललेलं, खाली गुळगुळीत चामडं. उजवा साधा.

"जोड कुठे जुळतोय? टोपलीतला माल आणलास माझ्यासाठी?"

"मुद्दाम शिवून घेतलाय. डाव्याचं टोक जमिनीत अडकणार नाही, घसरत पुढे जाईल."

"आणि हा तू पास केलास? दोन बूट दोन तऱ्हेचे?"

"तुझे पाय तरी कुठे एका तऱ्हेचे राहिलेत?"

दादाच्या नाकातून फस्सकन हसू आलं. "हरामखोर," तो म्हणाला, आणि पाय पुढे केला. चालेलने खाली बसून नाड्या बांधल्या.

टीव्हीवर सुटाबुटातला एक तज्ज्ञ सांगत होता, कोचला हाकला, अर्धी टीम विका.

"ह्याचं तोंड बंद करा कोणीतरी!" दादा ओरडला.

रिमोट टीव्हीजवळ होता. वहिनी निघाल्या. चालेलने मान हलवून त्यांना थांबवलं आणि स्वतःही जागचा हलला नाही. तज्ज्ञ बोलतच राहिला. दादाने एकदा भावाकडे बघितलं, एकदा बायकोकडे. मग काठी ओढून घेतली.

उठताना तो दोनदा परत बसला. तिसऱ्यांदा उभा राहिला. डावा बूट फरशीवर सर्र करत पुढे सरकला, मग उजवा, मग पुन्हा सर्र. वहिनींनी पदर तोंडाशी धरला होता. टीव्हीपाशी पोचून त्याने बटण दाबलं आणि धापा टाकत वळला.

"काय रे? कसं?"

चालेलने टेबलावर करायचा तसे डोळे बारीक केले. आधी डावा पाहिला, मग उजवा, मग वरचा घामाघूम माणूस.

"चालेल."

"तिसरा नंबर?"

"छे! पाचवा. तोसुद्धा ओढूनताणून." चालेलने पलंगावर थाप मारली. "आता परत ये. ही बाहेरच्या मैदानावरची मॅच."

"बंदच करायला नको होता त्याला," दादा म्हणाला, आणि काठी पुढे टेकली.