शिवेवर चालणारा

रत्नपालनं वंशावळ काढायला घेतली ती निव्वळ हौसेनं. बिदरच्या एका दवाखान्यात रक्त तपासणारा माणूस. दिसेल त्याची तपासणी करायची खोडच होती त्याला. बायकोला, अंजूला आठवा महिना लागला होता. येणाऱ्या लेकरासाठी नौबादच्या घरात भिंतीवर पिढ्यांची नावं लावायची आणि प्रत्येक नावाखाली त्या माणसाचं काम लिहायचं, असा त्याचा बेत. वडील लाइनमन, आजोबा गिरणीत हमाल. पणजोबा बळीराम, त्यांच्याखाली मात्र काय लिहावं ते सापडेना.

"गावकीचं काम, दुसरं काय असणार?" असं म्हणून सगळे विषय मोडायचे. वेशीबाहेरच्या माणसाचं काम कोण लक्षात ठेवतो? बळीरामाची नात, म्हणजे रत्नपालची राजूबाई आत्या, तेवढी काहीच बोलायची नाही. नवरा वारल्यापासून ती हुलसूरकडच्या गावी माहेरीच राहायची. या रविवारी तो तिच्याकडं गेला, खोदून खोदून विचारलं, आणि विचारून पस्तावला.

"शिवंवर चालायचा त्यो," आत्या म्हणाली.

दोन गावांत शिवेचं भांडण लागलं की निवाडा बळीरामाच्या पायांवर. ओल्या अंगानं, अनवाणी, तिथल्याच मातीचं ढेकूळ डोक्यावर घेऊन तो चालायचा आणि मागून दोन्ही गावं. त्याची पावलं पडतील ती शीव. मात्र खोटं चालला, तर वर्षाच्या आत शीव त्याच्या घरातलं लेकरू घेणार आणि पुढच्या पिढ्यांतही घेत राहणार, अशी शपथ असायची.

"मग?"

"मग काय? वाकडा चालला म्हंत्यात म्हातारा. त्याच उन्हाळ्यात दोन पोरं गेली त्याची. माजा बाप आजोळी व्हता म्हणून वाचला. माजी बी दोन गेली. तुजं पैलं कामून गेलं, इचार की सोताला."

रत्नपाल हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरातला तो. नवस-शापांची खिल्ली उडवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. पण मन चिंती ते वैरी न चिंती. गेल्या वर्षी सहाव्या महिन्यात अंजूचं बाळ पोटातच गेलं होतं आणि कुठल्याच तपासणीत कारण सापडलं नव्हतं. आता हे असं कारण पुढ्यात येऊन बसलं. तेवढ्यात अंजूचाच फोन आला. "सापडलं का काम?" तिनं उत्साहानं विचारलं. "नाही अजून," तो म्हणाला. तिच्याशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला.

"शिवंला नारळ फोड. चूक पदरात घी म्हण," आत्या म्हणाली. आणि हा शहाणा माणूस खरंच दुकानात जाऊन नारळ घेऊन आला. विषाची परीक्षा कशाला घ्या!

शीव गावापासून लांब, वाट दाखवायला आत्याही बरोबर निघाली. तूर काढून रानं मोकळी झाली होती, आणि भर दुपारी चिटपाखरू नव्हतं. बाभळीखाली अर्धा पुरलेला एक दगड होता. त्याच्यापुढं उभं राहिल्यावर रत्नपालला वाटलं, पायाखालची माती आपल्याला ओळखतेय. त्यानं नारळ उचलला.

"कोन त्ये?"

नारळ हातातून सुटला. पलीकडच्या रानातून एक धोतरवाला म्हातारा येत होता. बसवंतप्पा, शेजारच्या गावचा, त्या रानाचा मालक. आत्याच पुढं झाली. "बळीरामाची नात मी. आज्जा हितं खोटं चालला व्हता, म्हणून माफी मागायलोत."

बसवंतप्पा तिच्याकडं बघतच राहिला. "कोन म्हनलं खोटं चालला? सरळ चालला की, अक्का! वाकडा चाल म्हणून तुमच्याच पाटलानं दम दिला व्हता. ऐकलं न्हाई त्यानं. आमची शीव आमाला दिली."

"मग लेकरं कशानं गेली, अप्पा?" रत्नपालनं विचारलं.

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. "वड्यातल्या झिऱ्याचं पानी प्यायचे तुमचे लोक. पाटलानं त्याच्यावर काटं टाकलं, वर मानूस बसिवला. ऐन चैतात. मग लेकरं खांद्यावर घिऊन बळीराम हितवर आलता, या दगडापातूर. आमच्या आज्ज्याला पानी मागितलं."

"दिलं?"

"न्हाई. हीर बाटंल म्हनले सगळे. मरूस्तोवर आज्ज्याला ह्येच सलायचं, ह्येच सांगायचा."

शिवेला भिऊन आलेला रत्नपाल आता समोरच्या माणसाकडं बघत होता. शुभ्र धोतर, मऊ आवाज, कुणालाही अप्पा म्हणावंसं वाटेल असा चेहरा. असल्याच भल्या माणसांनी भरलेली दोन गावं त्या दिवशी पणजोबाच्या मागून चालत आली होती. सकाळपासून वाटली नव्हती एवढी भीती त्याला या भर उन्हात वाटली, आणि त्यानं आत्याचा हात घट्ट धरला. अंजूपासून आता लपवण्यासारखं काही नव्हतं. पण आठवा महिना चाललेल्या बाईला हे सांगायचं तरी कसं, ते त्याला कळेना.

आत्या दगडापाशी बसली. "आयुष्यभर शिव्या घातल्या रे मी म्हाताऱ्याला," ती म्हणाली. "माजी लेकरं खाल्लीस म्हणून." डोळे पुसून तिनं बसवंतप्पाला विचारलं, "कुटं हाय ती हीर?"

त्यानं बोट दाखवलं. एकच रान ओलांडलं की चिंच, आणि चिंचेखाली विहिरीचा काठ इथूनच दिसत होता.

"मोट चालली की तिचा आवाज यायचा का हो हितवर?"

बसवंतप्पा विहिरीकडं वळला.

"यायचा, अक्का."