विहिरीवरून रिकामा परतलेला हंडा

मी एक जुना जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा हंडा आहे. नाव जर्मन, पण जर्मनी मी कधी पाहिली नाही. मुंबईच्या कारखान्यात मला पत्र्यातून काढले आणि धसईच्या बाजारात दोरीला टांगले. गवतकापणीच्या मजुरीतून मला घरी नेले ते बाईजाने. तेव्हा मी असा लखलखीत होतो की वाडीतल्या बायका माझ्यात तोंड पाहून केस सारखे करीत. आता अंगभर पोचे आले आहेत. पण मित्रांनो, पोचे आलेल्याचीच गोष्ट ऐकण्यासारखी असते.

बाईजाची वाडी गावाबाहेर, ओढ्यापलीकडे. ओढा आटला की गावच्या विहिरीशिवाय पाणी नाही. पण वाडीच्या बायकांनी विहिरीच्या काठावर चढायचे नाही, अशी तेव्हाची रीत. आम्हा भांड्यांना पायऱ्यांखाली ओळीने मांडायचे आणि गावातल्या एखाद्या बाईला दया आली की तिने वरून पाणी ओतायचे. निम्मे माझ्यात, निम्मे मातीत. मी तोंड वासून उन्हात बसे. फार राग येई, पण हंड्याच्या रागाला कोण विचारतो?

बाईजाची नात गोदी. आईबाप नसलेली ही पोर मुरबाडला मिशनच्या वसतिगृहात शिकली, तिथल्याच दवाखान्यात कामाला लागली आणि मनापासून ख्रिस्ती झाली. एकदा सुटीत मला राखेने घासता घासता ती सोमीशी, म्हणजे तिच्या बालमैत्रिणीशी बोलत होती.

"पयल्यांदा गेले तवा पोरींनी इचारलं, तू कुठली? मी धसईची म्हनून सांगितलं. वाडीची लाज वाटायची."

"आन् आता?"

"आता नाय. वसतिगृहाच्या रूथबाय म्हनाल्या, आपला प्रभू गोठ्यात जन्मला, ते त्यानं कुनापासनं लपवलं नाय. मंग मी माजी वाडी कशाला लपवू?"

बोलली खरी. पण चुलीपाशी बसून बोलणे सोपे असते.

अठ्ठावन्न सालचा वैशाख. बाईजा तापाने फणफणत होती आणि घरात घोटभर पाणी नव्हते. गोदी मला कडेवर घेऊन विहिरीवर आली. तिथे सावळाराम उभे होते. विहिरीवर त्यांचाच शब्द चाले.

"ये पोरी, वर ये," ते म्हणाले. "माज्या नातवाचे डोले दवाखान्यात तूच धुतलेस. तू आता मिशनची झालीस, तुजा इटाल गेला. आपल्या हातानं पानी शेंद."

खाली वाडीच्या बायका बघत राहिल्या. गोदी एक पायरी चढली.

"फकस्त एकदा सगल्यांच्या म्होरं सांग, त्या वाडीशी माजं काय नातं नाय. म्हंजे उद्या मला कुनी बोल लावनार नाय."

गोदीने मला इतके आवळून धरले की तिच्या छातीची धडधड माझ्या पत्र्यावर वाजू लागली. काठावर पोहरा भरलेला होता, हात लांब केला की मिळेल असा. खालून सोमी हळूच म्हणाली, "सांग ना गो. बोलल्यानं काय वाडी पुसली जाते? आजी तापलीय."

खरे सांगतो, मलाही वाटले, बोलून टाकावे. रिकाम्या पोटाला दुसरे काय सुचणार!

गोदीने डोळे मिटले. ओठ हलले, त्यातून "प्रभू" एवढेच ऐकू आले. मग ती म्हणाली, "बाबा, मी प्रभूची हाय, म्हनून मला खोटं बोलवत नाय. मी बाईजाची नात. मी वाडीचीच."

सावळारामांनी पोहरा उचलला आणि विहिरीत उपडा केला. "मंग आज वाडीला पानी नाय."

बायकांनी रिकामी भांडी उचलली. जना ही वाडीतली वडीलधारी बाई. जाता जाता ती म्हणाली, "तुज्या देवापायी आमची पोरं तान्हेली ऱ्हायली." ते गोदीच्या जिव्हारी लागले. आता ही मागे फिरते की काय, या भीतीने मी गार झालो.

ती मागे फिरली नाही. कोरड्या ओढ्यात जाऊन तिने मला वाळूवर ठेवले आणि दोन्ही हातांनी वाळू उपसायला लागली. नखे तुटली. ओल लागली, पण पाणी लागेना. थोड्या वेळाने सोमी आली आणि कुरकुरत शेजारी बसली. मग जना आली, हातात कोयता घेऊन. तिने गोदीला बाजूला सारले आणि खालची घट्ट वाळू फोडली. पाणी पाझरले, गढूळ का होईना. पदरातून गाळून, करवंटी करवंटीने त्यांनी आधी पोरांची भांडी भरली, मग मला.

बाईजा जागीच होती. घटाघटा प्यायली. "येवढा उशीर का गो?"

"इहिरीवर इचारत व्हते, मी कुनाची."

"मंग?"

"तुजी म्हनलं, आजे."

 बाईजाने गोदीचा सोललेला हात आपल्या तापलेल्या गालाला लावला आणि तसाच धरून ठेवला.

ताप पुढे उतरला. सुटी संपवून गोदी मुरबाडला गेली आणि ज्या पोरींना धसई सांगितली होती, त्यांना तिने वाडीचे नाव सांगितले.

मित्रांनो, जुन्या भांड्याला पोचा आला म्हणून त्याला मोडीत काढू नका, आतून ठोकून सरळ करा. आणि दारात कोणी तहानलेला आला तर आधी पाणी द्या. तो कुणाचा, ते मागाहून विचारा.