भावाच्या नावाने राखलेलं पाणी

माझा भाऊ गेला तेव्हा समुद्र बंद करा असं मीच म्हटलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी टोरिकाला किंवा एरेमासीला बोल लावायला नको.

आमच्या कांदावू बेटावर सरदार गेला की त्याच्या नावाने पाण्याचा एक तुकडा शंभर दिवस राखतात. तिथे गळ टाकायचा नाही, होडी न्यायची नाही, पाऊलसुद्धा बुडवायचं नाही. शंभराव्या दिवशी पाणी उघडायचं आणि निघेल त्या माशांचं जेवण सगळ्या गावाला, पाहुण्यांना घालायचं. मासे जितके जास्त, तितकं गेलेल्याचं नाव मोठं. शेजारच्या गावाचा सरदार गेला तेव्हा त्यांनी सात होड्या भरून मासे काढले होते आणि वर्षभर आम्हाला ऐकवलं होतं. माझा भाऊ सेमेसा आमचा रातू, म्हणजे सरदार, आणि त्या माणसापेक्षा दहापट मोठा होता. म्हणून मी चिमूटभर पाणी मागितलं नाही. किनाऱ्याच्या दोन टोकांमधला प्रवाळाचा सगळा पट्टा मागितला. आमचं गाव जेवतं ते तिथूनच.

एरेमासी आमचा गावप्रमुख. तो डोकं खाजवत म्हणाला, "वासेमाथाताई, एवढं बंद केलं तर लोकांनी खायचं काय?"

"कसावाचे कंद खातील, डब्यातले मासे खातील. आणि तुझं पोट काही शंभर दिवसांत आत जात नाही, काळजी करू नकोस."

लोक हसले आणि बंदी लागली. मी स्वतः कमरेएवढ्या पाण्यात जाऊन हद्दीच्या काठ्या रोवल्या. प्रत्येक काठीला सालीचं कापड बांधलं आणि वर जांभळी रिबीन. भावाला जांभळा रंग आवडायचा. सुवा शहरातून दोन खोकी रिबीन मागवली होती मी, चकचकीत, प्लॅस्टिकची. थडग्याला तीच, मांडवाला तीच, चर्चच्या पायऱ्यांना तीच. चार दिवस पाहुणे जेवत होते. फोमची ताटं, बाटल्या, पिशव्या, रिबिनीची भेंडोळी, सगळं ओढ्याच्या तोंडाशी कांदळवनात गेलं. आम्ही तिथेच टाकतो. माझी आई तिथे केळीची पानं टाकायची. पानांच्या जागी दुसरं काय काय आलं, टाकायची जागा तेवढी आम्ही बदलली नाही.

टोरिका म्हणजे माझ्या भाच्याची बायको, सेमेसाची सून. सुव्याकडची. लग्नाआधी एका हॉटेलात पाहुण्यांना पाण्याखाली नेऊन मासे दाखवायची. मासे दाखवायचे पैसे मिळतात हे मला तिच्यामुळे कळलं, आणि ते मी तिला वरचेवर ऐकवायचे. तेविसाव्या दिवशी मी चटई विणत बसले होते, तर ही येऊन दाराशी टेकली.

"आत्या, प्रवाळाच्या बाहेरच्या कडेला काहीतरी अडकलंय. पिवळे गोळे दिसतात, ओळीने."

"दिसू देत."

"मोठ्या बोटींच्या जाळ्याचे तरंगते गोळे आहेत ते. भरती आली, ओहोटी आली, हलत नाहीत. म्हणजे जाळं खाली प्रवाळात गुंतलंय."

"मग? बोटवाले येऊन नेतील त्यांचं."

"ते कशाला येतील? फाटलं म्हणून त्यांनी ते समुद्रात सोडून दिलंय." ती जवळ सरकली. "आत्या, जाळं कोणी ओढत नसलं तरी मासे धरतं. एक अडकतो, मरतो, त्याला खायला दुसरा येतो, तोही अडकतो. आपण आठ-दहा जण जाऊन कापू. एकही मासा आणणार नाही. फक्त कापू."

मी चटईवरून मान वर केली नाही. "सासरा जाऊन महिना झाला नाही आणि तुला पाण्यात उतरायचंय. शेजारच्या गावाने काय म्हणावं? रातू सेमेसाच्या सुनेला शंभर दिवस धीर निघाला नाही?"

"लोकांना सांगता येईल ना, कशाला उतरलो ते."

"अक्कल शिकवू नकोस मला. ते पाणी माझ्या भावाचं आहे. तो बघून घेईल."

मला खरंच तसं वाटत होतं. संध्याकाळी मी किनाऱ्यावर बसायचे आणि त्या निवांत पाण्याकडे बघून मला बरं वाटायचं. त्यात भाऊ आहे, कोणी त्याला त्रास देत नाही, असं वाटायचं. दुःखात माणूस मूर्ख होतो म्हणतात. मी दुःखाआधीही हट्टीच होते.

चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास त्या कडेवर पक्ष्यांचे थवे उतरायला लागले. मी लोकांना दाखवलं, बघा, माझ्या भावाच्या पाण्यात मासळी किती झालीय. टोरिका सरळ एरेमासीकडे गेली. दुसऱ्या दिवशी तो, मोठ्यांकडे काही मागायला नेतात ती कडू मुळांची जुडी घेऊन माझ्या दारात.

"ताई, रीतसर मागता येतं. ही जुडी तुमच्यापुढे ठेवतो, तुम्ही हो म्हणा. एका सकाळपुरतं उघडू, जाळं कापू, परत बंद करू."

"तुला तिने पढवलंय."

"तिने सांगितलं खरं, पण मीही टेकडीवरून बघितलं. पक्षी आहेत, ताई. जिवंत माशांवर पक्षी असे बसून राहत नाहीत."

हे मला कळत होतं. साठ वर्षं त्या पाण्यावर काढल्येत मी, मला नाही कळणार? पण मी जुडी त्याच्याकडे परत सरकवली. उघडलं असतं तर पुढे लोक म्हणाले असते, सेमेसाची बंदी मधेच मोडली, म्हणून मासे एवढेच. मला त्या शेजाऱ्यांच्या सात होड्या दिसत होत्या. दुसरं काही दिसत नव्हतं.

एकसष्टाव्या दिवशी पहाटे पहाटे टोरिका स्वयंपाकघरातला सुरा घेऊन एकटी गेली. मी किनाऱ्यावर पोचले तेव्हा ती परत येत होती, हात कापलेला, ओठ निळे पडलेले. मी तिच्या हातातून सुरा हिसकावला.

"आत्या, द्या तो, मी दम घ्यायला आले होते. एक कासव आहे, जिवंत आहे. मानेला आणि पुढच्या पायाला दोर आहे, श्वास घ्यायला जेमतेम वर येतंय. पायाचा दोर अर्धा कापलाय. दहा मिनिटं द्या फक्त."

मी तिला हाताला धरून गावात आणलं. हो, मी. दुपारी सगळ्या गावासमोर तिला बसवलं. तिच्या नवऱ्याने देवमाशाचा दात पुढे ठेवून तिच्या वतीने माफी मागितली, कारण आमच्याकडे मोठा गुन्हा तसाच मिटवतात. टोरिका मान खाली घालून बसली होती. तिला बोलायची मुभा दिली तेव्हा ती म्हणाली, "चुकले. ते कासव अजून जिवंत असेल." कोणी उठलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी समोरच्या भिंतीकडे. सुरा मी माझ्या घरी नेला. पुढे चाळीस दिवस मी त्याने कसावा सोलला.

शंभरावा दिवस उजाडला. पाहुणे आले, शेजारच्या गावाचे तर सगळ्यांत आधी, टोपल्या घेऊन. मी नवे कपडे घातले होते. ढोल वाजला, मी पहिली काठी उपटली आणि बायका जाळी घेऊन पाण्यात शिरल्या. अर्ध्या वाटेवर पुढच्या बायका थांबल्या. वास आला होता.

ते जाळं चर्चपेक्षा लांब होतं. हिरवं, जाड दोराचं, कडेवरून खाली गेलेलं, खालचं टोक दिसतच नव्हतं. लाटेबरोबर ते पुढेमागे व्हायचं आणि प्रवाळ घासला जायचा. जिथे माझी आई मला खेकडे धरायला शिकवायची तिथे पांढरा चुरा पडला होता. जाळ्यात पोपटमासे, शार्कची दोन पिल्लं, आणि कशाकशाचे नुसते काटे. मासे शोधायला आम्ही दुपारपर्यंत पाण्यात होतो. दोन टोपल्या निघाल्या, त्याही जेमतेम तळ झाकेल एवढ्या.

कासवही होतं. कवच आणि आत हाडं. पुढच्या एका पायाचा दोर अर्धवट कापलेला होता, तो टोरिकाने कापलेला. एरेमासीने ते किनाऱ्यावर आणून उलटं केलं आणि बोटांनी आतून काहीतरी ओढून काढलं. पोटाच्या जागी गोळा होऊन बसलं होतं. पिशवीचे तुकडे, ताटाचा पांढरा फोम आणि रिबीन. जांभळी. तो ओढत राहिला, ती येत राहिली, हातभर तरी असेल. माझ्याकडे न बघता त्याने ती वाळूवर ठेवली. बोटवाल्यांना शिव्या द्यायला माझं तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. जाळं परक्यांचं होतं. रिबीन मी आणली होती.

रातू सेमेसाच्या शंभराव्या दिवसाचं जेवण डब्यातल्या माशांचं झालं. दुकानातले सगळे डबे संपले, म्हणून होडी पाठवून शेजारच्या गावाच्या दुकानातून आणले. त्यांचा आताचा म्हातारा सरदार माझ्या शेजारी बसून जेवला आणि एक शब्द बोलला नाही. टोमणा मारला असता तर मला परवडलं असतं.

पाहुण्यांचे आभार मानायला मी उठले. ठरवलेलं काहीच बोलता आलं नाही. मी म्हटलं, माझ्या भावाचं पाणी मी मारलं. यापुढे बंदी लागली की दर दहा दिवसांनी बघायला माणूस जाईल, आणि काही अडकलेलं दिसलं तर त्याच दिवशी कापेल, कोणाला विचारणार नाही. कांदळवनात आजपासून काही टाकायचं नाही, टाकलंय ते उद्यापासून सगळे मिळून काढायचं, आणि हे आज रिकामे झालेले डबेही तिथे जाणार नाहीत. मयताला पानावर जेवायचं. मी मेले तर माझ्या थडग्यावर फुलं खरी असू देत, नसतील तर काही नको. लोकांनी माना हलवल्या. मान हलवणं सोपं असतं. कांदळवनात अजूनही एखादी बाळाच्या लंगोटांची पिशवी दिसते, मग मी घरोघर जाऊन ओरडते.

मासेमारीच्या सरकारी कचेरीलाही आम्ही पत्र पाठवलं, जाळ्याच्या गोळ्यावरचा नंबर लिहून. दोन महिन्यांनी उत्तर आलं की जाळं कोणत्या बोटीचं हे सिद्ध करता आलं तर कळवावं. ते जाऊ दे.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोरिकाच्या घरी गेले. आमच्याकडे मोठ्याने लहानाची माफी मागायची रीत नाही, आणि सरदाराच्या बहिणीने सुनेची तर नाहीच. मी आमच्या घरातला सगळ्यांत जुना देवमाशाचा दात काढला, त्याच्याबरोबर तो सुरा घेतला आणि तिच्या दारात जमिनीवर बसले. ती भांडी घासत होती. माझा भाचा घाबरून उभाच राहिला.

"आत्या, हे काय करताय, उठा."

"तू गप्प बस. टोरिका, हा दात तुझा. मी तुझं ऐकलं नाही, चारचौघांत तुझी मान खाली घालायला लावली. ते कासव तू सोडवलं असतंस. मला माफ कर म्हणत नाही, जमेल तेव्हा कर."

तिने हात पुसले. दात दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि नवऱ्याकडे दिला. रीत म्हणून दोन शब्द बोलायचे असतात, तेही बोलली. मग सुरा उचलून तिने धारेवरून अंगठा फिरवला.

"याची धार गेलीय."

"कसावा सोलत होते."

"वरचं जाळं आज दुपारपर्यंत कापून होईल," ती म्हणाली. "खालचं कडेवरून खोल पाण्यात लोंबतंय, तिथवर माझा श्वास पुरत नाही. त्यात मासे अजून अडकतायत."

ती दाराबाहेर पाणवठ्याच्या दगडाशी जाऊन बसली आणि सुऱ्याला धार लावू लागली. मी तिथेच जमिनीवर बसून होते. आता कोणी मला उठा म्हटलं नाही.