ओल्या फळ्यांचा आडोसा

ऑपरेशननंतर मला एकच गोष्ट हवी होती, छातीवर ऊन. डावा स्तन काढला होता आणि ती जागा डॉक्टर आणि मी सोडून कुणी पाहिली नव्हती. माझ्या नवऱ्यानंही नाही. रसेलला मी आधी दिवा बंद करायला लावायची आणि मगच कपडे बदलायची. तो बिचारा मुकाट्यानं बटण दाबायचा.

परसात बाक ठेवायचा आणि सकाळच्या उन्हात उघड्या अंगानं बसायचं, एवढंच माझ्या मनात होतं. पण मागच्या चढावर आमच्या शेजाऱ्याचं, नेव्हिलचं घर. त्यानं स्वतःच्या हातानं वर एक खोली चढवली होती, खास देवमासे बघायला, आणि तिची खिडकी आमच्या परसावरून थेट समुद्राकडे बघायची.

"आडोसा घालू," रसेल म्हणाला.

वखारीत वाळलेल्या फळ्या संपल्या होत्या. थांबायला मी तयार नव्हते, म्हणून तो नुकत्याच कापलेल्या निलगिरीच्या ओल्या फळ्या घेऊन आला. दोन फळ्यांत पेन्सिलीएवढी फट ठेवतात म्हणे, हवा खेळायला.

"केसाएवढी जरी फट दिसली ना, तर बघ," मी बजावलं.

रसेलनं जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. पहिलाच खांब त्याला दाद देईना. आमच्याकडे शेजारी खांबाशी झुंजत असताना घरात बसून राहणं म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा. त्यामुळे थोड्याच वेळात नेव्हिल कमरेला हत्यारांचा पट्टा बांधून, खांद्यावर फावडं टाकून हजर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्यापासून लपायचं, तोच खड्डा खणायला आलेला!

हे सगळं कशासाठी, असं त्यानं विचारलंच नाही. खांब सरळ आहे का ते बघायला पाणसळ लावली आणि म्हणाला, "रसेल, या खांबानं तुझ्याआधीच बिअर प्यायलीय रे."

शेवटी आडोसा उभा राहिला, तसा तो आपल्या वरच्या खोलीत गेला आणि खिडकीतून ओरडला, "ग्लेनिस, जिथं बसणार आहेस तिथं बस!"

मी अंगभर कपडे आणि डोक्यावर टोपी घालून बाकावर बसले.

"टोपी दिसतेय! रसेल, अजून एक फळी चढव!"

"आता?" रसेलनं विचारलं.

"टोपीचा शेंडा! अजून एक!" आणि मग जरा वेळानं, "आता तिथं कुणीच नाही."

पुढचे काही दिवस मी उन्हात मनसोक्त बसले. मग ऑक्टोबरातला कोरडा पश्चिमेचा वारा सुटला. फळ्या वाळल्या, आक्रसल्या आणि मधे बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. रसेलला आणि वखारवाल्याला मनातल्या मनात शिव्या घालत, टॉवेल गुंडाळून, काय काय दिसतंय ते बघायला मी एका फटीला डोळा लावला.

नेव्हिलच्या खिडकीचा पडदा पूर्ण खाली होता. ऐन ऑक्टोबरात, देवमासे पिल्लं घेऊन दक्षिणेला निघण्याच्या दिवसांत! आणि हा बाबा खाली, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, दुधाच्या उपड्या क्रेटवर बसून डोळ्यांना दुर्बीण लावत होता. तिथून त्याला आमच्या छपराच्या कडेनं दिसून दिसून किती समुद्र दिसणार?

"नेव्हिल! खिडकीला काय झालं?"

"पडदा अडकलाय."

"कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस." तो दुर्बीण पुसत बसला.

मला गहिवरून आलं, आणि गहिवरून आलं की मी भांडते. "खोटारड्या! वर जा आणि उघड तो पडदा."

"फटी पडल्यात, ग्लेनिस."

"मला डोळे आहेत. तू समुद्राकडे बघ आणि काय दिसतं ते मला ओरडून सांग."

बऱ्याच वेळानं पडदा वर गेला. मी बाकावर बसले, टॉवेल मात्र घट्ट धरून.

"आई आहे!" वरून आवाज आला. "सावकाश चाललीय. शेजारी पिल्लू! अगं, उडी मारली त्यानं!"

मला राहवलं नाही. मी बाकावर चढले. झुडपांच्या पलीकडे अख्खा समुद्र झगमगत होता. पिल्लू पुन्हा उसळलं, पांढरं पोट आभाळाकडे करून पार पाण्याबाहेर आलं आणि कोसळलं. धप्प आवाज मागाहून माझ्यापर्यंत पोचला. मग त्याच्या शेजारून आई वर आली. ती येतच राहिली, येतच राहिली, जणू समुद्राचा तळच वर उचलला जात होता. एवढं प्रचंड काहीतरी जिवंत असतं, आणि ते आपल्या परसापुढून जातं!

वारा छातीला लागला तेव्हा कळलं, टॉवेल केव्हाच खाली पडला होता.

मागे नेव्हिलच्या खिडकीचा पडदा सरकन खाली आल्याचा आवाज झाला.

स्वयंपाकघराच्या दारात रसेल चहाचे दोन मग घेऊन उभा होता. समुद्राकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"पिल्लू बघितलंस?" मी विचारलं, आणि भर उन्हात त्याच्याकडे वळले.