बॅटरीवर बारा, हीटरवर सात

पुजानं मीटरची पिन आधी जीपच्या बॅटरीला लावली, आकडा वाचला, मग तीच पिन इंजिनाच्या कडेच्या, हीटरना जोडणाऱ्या पितळी पट्टीवर टेकवली आणि मान वर न करता म्हणाली,

"बाबा, किल्ली अर्धी फिरवा. धरून ठेवा."

गोपीचंदनं किल्ली फिरवून धरली.

"बॅटरीवर बारा, अन् हीटरवर सात. पाच व्होल्ट रस्त्यातच गळून राहिले," पुजा म्हणाली. "हीटर चांगले हायेत. वायरीत खोट हाय."

जुन्या डिझेल गाडीच्या पोटात बोटभर लांबीचे हीटर असतात. थंडीत ते आधी तापावे लागतात, तेव्हा कुठं इंजिन पेट घेतं. गोपीचंदच्या जीपला असे चार होते. तीन हिवाळ्यांत त्यानं ते दोनदा बदलले, एकदा बॅटरी बदलली, तरी पौष लागला की जीप खोकायची आणि गप्प बसायची. मग भाडं देऊन सेनगावला निघालेली माणसं खाली उतरायची, बाभळीपाशी उतार लागेपर्यंत ढकलायची, आणि उतारावर गाडी चालू व्हायची. तांड्यात याला कोणी बिघाड म्हणत नसे. ढकलल्यावर चालू होते ती गाडी धड, अशीच सगळ्यांची समजूत होती, आणि खुद्द गोपीचंदची सगळ्यांत आधी.

यंदा मात्र त्याला सकाळ नकोशी झाली होती. कारण प्रेमदास.

प्रेमदास त्याचा थोरला भाऊ, शेजारच्याच घरात राहणारा. दसऱ्याच्या सुमारास त्याच्या हृदयात दोन छल्ले, म्हणजे स्टेंट, बसवले होते आणि डॉक्टरांनी पाण्याची घागरसुद्धा उचलायची नाही म्हणून बजावलं होतं. तरी सकाळी सहाला जीपचा स्टार्टर कण्हायला लागला की प्रेमदासचं दार वाजायचं. मफलर गुंडाळून तो यायचा, मागच्या डाव्या कोपऱ्याला दोन्ही हात लावायचा, मान खाली घालून ढकलायचा आणि तसाच परत जायचा. गोपीचंदशी तो तीन वर्षांत एक शब्द बोलला नव्हता.

ढकलू नको, हा निरोप गोपीचंदनं धाडून पाहिला होता. त्याच्या बायकोनं, बेबीबाईनं, तो हापशावर जावेला दिला. जावेनं, मिराबाईनं, तो प्रेमदासला सांगितला. त्याच वाटेनं उत्तर परत आलं : "मी गाडी ढकलतो. गाडीनं नको म्हणावं, मग थांबीन."

परवा शुक्रवारी एकदा आणि मग काल पुन्हा, जीप उताराला लागल्यावर गोपीचंदनं आरशात पाहिलं. प्रेमदास दगडावर बसला होता आणि त्याचा हात छातीवर होता. मागं अकरा माणसं बसलेली, थांबवून गाडी बंद पडली तर पुन्हा ढकलणं आलं. सेनगाव येईपर्यंत गोपीचंदचा जीव टांगणीला लागला होता. म्हणून तर त्यानं रात्री जेवताना पोरीला सांगितलं, उद्या रविवार हाय, तुझ्या आयटीआयमध्ये काय शिकवतेत ते दाव एकदा.

आता ती अर्धी स्टिअरिंगखाली शिरली होती. डॅशबोर्डच्या मागून काहीतरी ओढल्याचा आवाज आला.

"ही गाठ कोनी मारली?"

तिनं तळहात पुढं केला. टेप वितळून काळी झालेली. आत दोन वायरी पीळ देऊन बांधलेल्या, मध्ये वीतभर बारीक वायरीचा तुकडा, आणि तांबं हिरवं पडलेलं.

"ही तर घरातल्या बल्बाची वायर हाय, बाबा. चार हीटरचा भार हिला झेपंल का? जोड जळून गेला नुसता."

गोपीचंद त्या हिरव्या तांब्याकडं बघत राहिला. ती गाठ त्याचीच होती. दिवाळीत उंदरानं वायर कुरतडली, तेव्हा घराच्या फिटिंगमधला उरलेला तुकडा घेऊन त्यानं ती जोडली होती. तात्पुरती. दिवाळीचं भाडं बुडू नये म्हणून. पुढं तात्पुरतंच कायमचं झालं, आणि तो विसरून गेला.

दिवाळी कोणती, हे मात्र त्याला आता आठवलं : तीन वर्षांमागची.

त्याच सालच्या पौषात याडीला, म्हणजे त्यांच्या आईला, पहाटे दम लागला होता. तांडा रिकामा होता, गडी सगळे ऊसतोडीला गेलेले. याडीला मागच्या सीटवर निजवलं आणि जीप चालू होईना. प्रेमदास एकटा मागून ढकलत होता. बाभळीपर्यंत यायला पाऊण तास लागला. दवाखाना गाठायच्या आत, सेनगावच्या अलीकडंच याडी गेली. त्या दिवसापासून प्रेमदास बोलायचा थांबला. शिवी नाही, भांडण नाही. पण त्या मुकेपणाचा अर्थ गोपीचंदला न सांगता कळत होता. लोकांना तो सांगत आला होता की थंडीच तशी होती, आणि हळूहळू स्वतःही ते खरं मानायला लागला होता.

"राहू दे, पुजा," तो म्हणाला. "गुंडाळून ठेव तसंच."

"काहून?"

काहून ते तिला काय सांगणार? उद्या गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली, तर प्रेमदासला कळेल की ही अशी कधीही चालू होऊ शकली असती. त्या पहाटेसुद्धा. आणि नाही झाली, तर तो पुन्हा ढकलायला येईल. गोपीचंदला दोन्हीकडून मरण होतं.

बेबीबाई दारात तांदूळ निवडत होती. नवऱ्याचं तोंड बघून तिनं सूप खाली ठेवलं. त्या दिवाळीत ती गाठ मारताना तिनंच तर टॉर्च धरला होता.

"करू द्या तिला," ती म्हणाली. "उद्या जेठाला, तुमच्या दादाला, काय झालं, तर ते पन थंडीवरच घालता का?"

गोपीचंदनं पकड उचलली आणि पोरीच्या हातात दिली.

दुपारपर्यंत काम चाललं. पुजानं जुनी वायर सगळी काढून टाकली. बॅटरीपासून हीटरपर्यंत करंगळीएवढी जाड वायर ओढली, टोकांना तांब्याच्या कड्या, म्हणजे लग, दाबून बसवल्या, मध्ये एक रिले टाकला. "आता किल्लीनं नुसता हुकूम सोडायचा, भार तिच्यावर न्हाई," ती म्हणाली. पितळी पट्टी पॉलिशपेपरनं घासून तिनं लख्ख केली. बॅटरीची दुसरी वायर जिथं लोखंडाला टेकते तिथला रंग आणि गंज खरवडला. शेवटी तिनं पुन्हा मीटर लावलं. हीटरवरही जवळजवळ बारा आले, आणि ती हसली. बाप हसला नाही. त्यानं तो जळका तुकडा शर्टाच्या खिशात टाकला.

सोमवारी सहाला धुकं इतकं होतं की बाभूळ दिसत नव्हती. रोज सेनगावला जाणारा धनसिंग आणि बाकीची माणसं जीपमध्ये बसली होती. गोपीचंदनं किल्लीला हातही लावला नव्हता, तोच प्रेमदासचं दार वाजलं. मफलर आला, मागं गेला, डाव्या कोपऱ्याशी थांबला. ते बघून सवयीनं दोघं-तिघं उतरायला लागले.

"बसा," गोपीचंद म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

त्यानं किल्ली अर्धी फिरवली आणि मनात आकडे मोजायला सुरुवात केली. पुजानं वीस सांगितले होते. बाराव्याला त्याला वाटलं, चालू होऊ नये. पंधराव्याला वाटलं, देवा, व्हावी. विसाव्याला त्यानं किल्ली पुढं फिरवली आणि इंजिन एका झटक्यात लागलं.

"आरं तिच्या!" धनसिंग ओरडला. "गाडी नवी आनली का काय?"

सगळे हसले. गोपीचंद आरशात बघत होता. प्रेमदासचे हात अजून जीपला टेकलेले होते आणि इंजिनाबरोबर थरथरत होते. आता तो घरी जाईल, असं गोपीचंदला वाटलं. प्रेमदासनं मान खाली घातली, पाय रोवले आणि ढकलायला लागला. हँडब्रेक लावलेली जीप जागीच हलली.

गोपीचंद उडी टाकून मागं धावला. त्यानं भावाची मनगटं धरली.

"सोड, दादा. चालू हाय ती."

प्रेमदासनं त्याच्याकडं पाहिलं. तीन वर्षांनी.

"काय केलं?"

"वायर बदलली. पुजानं."

"किती येळ लागला?"

"दुपारपर्यंत."

एवढ्यावर थांबता आलं असतं. जीपमधली माणसं वाट बघत होती, हीटर जुने होते म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं. गोपीचंदनं खिशातला तुकडा काढून भावासमोर धरला.

"ही गाठ मी मारली व्हती, दादा. याडी गेली, त्या सालच्या दिवाळीत. हिच्यापायी गाडी चालू होत न्हवती. थंडी न्हवती, दुसरं काई न्हवतं. मीच व्हतो."

तो मार खायला उभा राहिला. एक थोबाडीत बसली असती तर त्याला खरंच बरं वाटलं असतं.

प्रेमदासनं तो तुकडा घेतला नाही. तो आपल्याच तळहातांकडं बघत होता, आणि धाप लागल्यासारखा थांबत थांबत बोलला.

"मंजी ढकलन्यात कमी न्हवती?"

"कशात?"

"त्या दिशी मागं मी एकटाच व्हतो," प्रेमदास म्हणाला. "मला वाटलं, माझाच जोर कमी पडला."